कपापासून भट्टीपर्यंत: बरिस्ताने कॉफी भाजणे शिकताना काय समजून घ्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत दिवस चहाने सुरू होतो. कॉफी झालीच तर ती पाहुण्यांसाठी होते आणि बहुतेक वेळा दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वर जायफळ किसून घातलेली असते. आपण ज्या कर्नाटकात राहतो, तिथे मात्र भारतातल्या एकूण कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी पिकते, आणि चिक्कमगळूर, हासन व कोडगू हे तिचे मुख्य जिल्हे आपल्यापासून फार लांब नाहीत. गेल्या काही वर्षांत बेळगाव शहरात दाबाने कॉफी काढणारे एस्प्रेसो यंत्र असलेली कॅफे आली, आसपासच्या गावांतली मुले-मुली तिथे बरिस्ता (कॉफी करून देणारे) म्हणून काम करू लागली, आणि काही महिने यंत्रापुढे उभे राहिल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना एकच प्रश्न पडतो: हे दाणे भाजायचे कसे, आणि ते मला शिकता येईल का?

ते नक्की शिकता येते. रोस्टिंगची, म्हणजे दाणे भाजण्याची, यंत्रे आणि तापमानाचे आलेख पाहून नवखा माणूस बिचकतो, पण माझे ठाम मत असे आहे की जो बरिस्ता रोज सकाळी दुकान उघडल्यावर पहिला शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) स्वतः चाखतो आणि त्यावरून ग्राइंडर किती बारीक दळेल ते लावतो, त्याने रोस्टिंगचा अवघड भाग आधीच सुरू केलेला असतो. म्हणून या लेखात आपण उलट्या दिशेने जाऊ: आधी कप, मग हिरवा दाणा, आणि त्यानंतर भट्टी.

कपातले गणित

भाजलेल्या कॉफीच्या पुडीतला सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा विरघळवणे इष्ट नसते. साधारण १८ ते २२ टक्के भाग कपात उतरला, तर चव समतोल लागते, असा जगभरच्या कॉफी व्यवसायाचा अनुभव आहे. एस्प्रेसोत १८ ग्रॅम पूड घेतली आणि ९ बार दाबाखाली, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम पेय काढले, असे धरू. पुडीचा २० टक्के भाग विरघळला असेल, तर कपात ३.६ ग्रॅम कॉफी आली, म्हणजे पेयाची तीव्रता १० टक्के झाली. हे साधे गणित डोक्यात ठेवले, की डोस (पूड किती घेतली), पेयाचे वजन आणि वेळ या तिन्ही गोष्टींची नोंद का ठेवायची, हे कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

विरघळण्याला एक क्रम असतो. आम्ल आणि क्षार लवकर उतरतात, त्यामागून गोडसर आणि खमंग घटक येतात, आणि जड, कडू व जिभेला कोरड पाडणारे घटक सर्वांत शेवटी येतात. म्हणून पूड जाड राहिली आणि पाणी भराभर निघून गेले, तर शॉट आंबट व पातळ लागतो. पूड फार बारीक झाली, तर तो कडू आणि तुरट होतो. बरिस्ताचे रोजचे निम्मे काम या दोन टोकांमधली जागा शोधण्याचे असते, आणि ती जागा हवेतील दमटपणा, दाण्याचे वय आणि ग्राइंडरच्या पात्यांची उष्णता यांप्रमाणे दिवसभर सरकत राहते.

आता खरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते रोस्टिंग शिकण्याचे दार इथेच आहे. आंबटपणा ग्राइंडरमुळेही येतो आणि कच्च्या भाजलेल्या दाण्यामुळेही येतो; कडवटपणाचेही तसेच आहे. दोष कुठला, हे ओळखायचे कसे? शॉट आंबट लागला, तर पूड एक पायरी बारीक करून पाहावी. आंबटपणा मागे हटून गोडवा पुढे आला, तर दाणा ठीक आहे, दळण चुकले होते. बारीक करूनही आंबटपणा तसाच राहिला, वर तुरटपणा वाढला आणि ओल्या गवताचा किंवा कच्च्या शेंगदाण्याचा वास येऊ लागला, तर दाणा आतून नीट भाजला गेलेला नाही, असे समजावे. कडवटपणाच्या बाबतीत पूड थोडी जाड करून शॉट लवकर थांबवावा. तरीही राखेची आणि धुराची चव जिभेवर रेंगाळली, तर ती भट्टीतून आलेली आहे आणि ग्राइंडर कितीही फिरवला तरी ती जाणार नाही. तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. शॉट ना आंबट लागतो ना कडू, नुसता सपाट लागतो, आणि प्यायल्यावर काही आठवत नाही. तेव्हा पिशवीवरची तारीख पाहावी. दाणे ताजे असूनही चव सपाट असेल, तर रोस्टिंगच्या वेळी उष्णता मध्येच मंदावली असण्याची शक्यता मोठी असते. त्याचे कारण पुढे येईल.

यंत्राचा संशय पूर्णपणे दूर करायचा असेल, तर कपिंग, म्हणजे यंत्राविना कपात भिजवून चाखणे, करावे. त्यासाठी स्पेशालिटी कॉफी असोसिएशनची रूढ पद्धत अगदी साधी आहे: १५० मिलिलीटर पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर पूड घ्यायची, सुमारे ९३ अंशांचे पाणी ओतायचे, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडताना वास घ्यायचा, फेस काढून टाकायचा आणि कॉफी निवत जाईल तसतशी चमच्याने ओढून चाखायची. दाब, टॅम्पिंग (पूड दाबून बसवणे), पोर्टाफिल्टर (पूड धरणारे दांड्याचे भांडे) यांपैकी काहीच मध्ये नसल्याने दाण्याचे गुणदोष उघडे पडतात. गरम असताना छान लागणारी कॉफी निवल्यावर बिघडते का, हे जरूर पाहावे, कारण रोस्टिंगमधले दोष कोमट कपात जास्त स्पष्ट कळतात.

पाणी आणि दूध यांबद्दल थोडक्यात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आम्लाची धार बोथट करतात आणि बॉयलरमध्ये थर धरतात. उलट आरओचे क्षारहीन पाणी चव पोकळ करते. मध्यम क्षारांचे, म्हणजे लिटरमागे सुमारे १५० मिलिग्रॅम विरघळलेले घटक असलेले पाणी उत्तम मानले जाते. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवावे. ७० अंशांपुढे त्याचा गोडवा हरपतो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असल्याने पेय दाट होते, पण तेच स्निग्ध दूध कॉफीतली नाजूक फळांची चव झाकून टाकते. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला दुधाची कॉफी प्रिय आहे, आणि ती आवड कमी प्रतीची आहे असे मी मानत नाही. दूध, साखर आणि जायफळ यांतूनही जी कॉफी ओळखू येते, ती भाजणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्यासाठी रोस्ट थोडा गडद न्यावा लागतो.

हिरवा दाणा

रोस्टरच्या, म्हणजे भाजणाऱ्याच्या, हाती येणारा दाणा फिकट हिरवा किंवा निळसर करडा, टणक आणि जवळजवळ वासहीन असतो. त्यात १० ते १२ टक्के ओलावा असतो. तो अरेबिका आहे की रोबस्टा, म्हणजे कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी कोणता, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. अरेबिकाच्या कोरड्या वजनात साधारण ६ ते ९ टक्के साखर असते, रोबस्टात ती बरीच कमी असते. कॅफिन अरेबिकात सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. क्लोरोजेनिक आम्लेही रोबस्टात अधिक असतात, आणि ती भाजताना मोडून कडवट घटक तयार होतात. रोबस्टा कडू का लागते, याचे उत्तर बव्हंशी या तीन आकड्यांत आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे तिला कमी लेखून रोस्टिंग शिकणे आपल्याकडे तरी शहाणपणाचे नाही. नीट धुतलेली, जपून भाजलेली रोबस्टा दुधात फार चांगली उतरते.

फळावर प्रक्रिया कशी झाली, हे व्यापारातल्या नावांवरून कळते. गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला आपल्याकडे प्लँटेशन म्हणतात, तशाच रोबस्टाला पार्चमेंट म्हणतात, आणि अख्खे फळ उन्हात वाळवून नंतर फोडले असेल, तर त्या मालाला चेरी म्हणतात. त्यापुढे लागणारी एए, ए, बी, पीबी ही अक्षरे दाण्याच्या आकारासाठी असतात. पीबी म्हणजे पीबेरी, ज्यात फळामध्ये दोनऐवजी एकच गोल दाणा धरलेला असतो. आकार ही चवीची हमी नव्हे, मात्र एका ड्रममध्ये एकाच आकाराचे दाणे असले पाहिजेत, कारण लहान दाणा आधी भाजून होतो आणि मोठा मागे राहतो. जातींमध्ये एस ७९५ ही अरेबिका कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर लावली जाते. ती १९४०च्या दशकात चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूर येथील संशोधन केंद्रात तयार झाली.

अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी आणि रोबस्टाची त्यानंतर होते, त्यामुळे नवा माल उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतो. लगेच पुढे आपला पावसाळा उभा असतो. खानापूर आणि चोर्ला घाटाकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हवेतल्या दमटपणाचे वेगळे वर्णन नको. हिरवा दाणा हवेतला ओलावा ओढून घेतो, ओलावा १२.५ टक्क्यांच्या पुढे गेला की बुरशीचा धोका सुरू होतो, आणि बुरशी धरली नाही तरी दाणा फिकट होऊन त्याची चव गोणपाटाकडे झुकते. (मॉन्सून्ड मलबार ही कॉफी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत मुद्दाम पावसाळी वाऱ्यात पसरून फुगवली जाते आणि तिचे आम्ल जाणूनबुजून घालवले जाते, पण ती देखरेखीखाली केलेली प्रक्रिया आहे, दुकानाच्या माळ्यावर आपोआप घडणारा बिघाड नव्हे.) म्हणून पोती जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत, आत हवाबंद अस्तर असलेल्या पिशव्या वापराव्यात, आणि जून ते सप्टेंबर या काळासाठी लागेल तेवढाच माल भरावा. ओलावा मोजण्याचे यंत्र महाग वाटते, परंतु गंभीरपणे काम करणाऱ्याने ते थर्मामीटरच्या बरोबरीने घ्यावे, असे मला वाटते.

ड्रममध्ये काय घडते

छोट्या रोस्टरमध्ये (भाजण्याच्या यंत्रालाही रोस्टरच म्हणतात) गॅसच्या ज्योतीवर फिरणारा धातूचा ड्रम असतो, उष्ण हवा आणि धूर ओढणारा पंखा असतो, उडालेली साले गोळा करणारे पात्र असते आणि शेवटी दाणे थंड करण्यासाठी जाळीची परात असते. दाण्याला उष्णता ड्रमच्या तापलेल्या भिंतीतून मिळते आणि त्याहून अधिक आतून वाहणाऱ्या गरम हवेतून मिळते. गॅस आणि हवा हे दोनच मुख्य लगाम रोस्टरच्या हाती असतात. पुढे दिलेली तापमाने दाण्यांत बुडालेल्या तापमापकाची आहेत, आणि तो तापमापक कुठे बसवला आहे यावर आकडा पाच-दहा अंशांनी सहज बदलतो. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

ड्रम आधी चांगला अर्धा-पाऊण तास तापवावा लागतो, नाहीतर दिवसातला पहिला घाणा आणि पाचवा घाणा यांचा मेळ बसत नाही. दाणे आत पडले की तापमापकावरचा आकडा एक-दीड मिनिट घसरतो आणि मग वर फिरतो. या वळणाला टर्निंग पॉइंट म्हणतात. दाणा या काळात मुळीच थंड होत नसतो. तापलेला तापमापक गार दाण्यांत बुडाल्यामुळे आकडा घसरतो, इतकेच. त्यापुढची काही मिनिटे दाणा ओलावा सोडत राहतो, त्याचा हिरवा रंग फिका पडतो आणि सुमारे १५० अंशांच्या आसपास तो पिवळा होतो. गवताचा वास जाऊन भाजलेल्या पावाचा वास येऊ लागतो.

इथून जो टप्पा सुरू होतो, तो बेळगावच्या वाचकाला कुंद्याच्या उदाहरणाने सहज कळेल. कुंद्यात रंग घातलेला नसतो. दुधातली प्रथिने आणि साखर दीर्घकाळ उष्णतेवर एकत्र राहिल्याने तो तपकिरी होतो आणि त्याला तो खास खमंगपणा येतो. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि साखर यांच्या या अभिक्रियेचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये केले, आणि तिला त्यांचेच नाव आहे. कॉफीच्या दाण्यात हीच मायार अभिक्रिया घडते आणि तिच्यातून शेकडो सुगंधी घटक तयार होतात. आच एकदम वाढवली तर कुंदा तळाला करपतो आणि वर कच्चा राहतो; दाण्याच्या बाबतीत तळाची जागा त्याची बाहेरची बाजू घेते आणि कच्चा राहतो तो गाभा. आणखी वरच्या तापमानाला साखर स्वतःही मोडू लागते, कॅरमल होते, आणि गोडव्यासोबत किंचित कडवटपणा आणते.

साधारण १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान दाण्यांतून स्पष्ट तडतड ऐकू येते. हा फर्स्ट क्रॅक. दाण्याच्या आत साठलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांचा दाब पेशींच्या भिंतींना पेलवेनासा होतो, भिंती फुटतात, दाणा फुगतो आणि त्याचे आकारमान पुष्कळ वाढते. तोवर दाणा प्रामुख्याने उष्णता शोषत असतो. या सुमारास तो स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतो, आणि नवशिक्याची सर्वांत अवघड परीक्षा इथेच असते. गॅस आधीच थोडा कमी केलेला नसेल, तर तापमान उसळून हातातून निसटते. घाबरून एकदम कमी केला, तर वाढ खुंटते आणि चव सपाट होते. म्हणून अनुभवी माणूस क्रॅक होण्याची वाट न पाहता, त्याच्या एखादा मिनिट आधीच गॅसला हात लावतो.

फर्स्ट क्रॅकपासून दाणे बाहेर काढेपर्यंतच्या वेळेला डेव्हलपमेंट म्हणतात. एकूण १० मिनिटांच्या रोस्टमध्ये ती दीड ते अडीच मिनिटे असते. लवकर काढले तर लाइट रोस्ट मिळतो: मळ्याची उंची, जात आणि प्रक्रिया यांची ओळख आणि फळांचे आम्ल त्यात शिल्लक असते. थोडे पुढे नेले की आम्ल मवाळ होते आणि गोडवा व चॉकलेटची चव पुढे येते. सुमारे २२५ अंशांना दुसरी, अधिक बारीक आणि भराभर तडतड सुरू होते, दाण्याचा सांगाडाच मोडू लागतो, तेल पृष्ठभागावर येते आणि त्यानंतर मळ्याची चव मागे पडून भट्टीची चव वरचढ होते. त्यापुढे फार जाणे मला पटत नाही, कारण शेतकऱ्याने निगुतीने केलेले काम तिथे जळून जाते. गडद भाजलेल्या कॉफीत कॅफिन जास्त असते, हा समज मात्र सोडून द्यावा: कॅफिन भाजण्याच्या उष्णतेत बव्हंशी टिकून राहते, आणि त्याचे प्रमाण ठरते ते अरेबिका की रोबस्टा आणि पूड किती ग्रॅम घेतली, यावर.

या सगळ्यावर लक्ष ठेवण्याचे साधन म्हणजे रेट ऑफ राइज, म्हणजे दाण्याचे तापमान दर मिनिटाला किती अंशांनी वाढते तो वेग. सुरुवातीला मिनिटाला १५ ते २० अंशांचा वेग असेल, तर तो हळूहळू उतरत शेवटी ५ ते ८ अंशांवर यावा, मध्येच कोसळू नये आणि मध्येच उसळू नये. यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. दर ३० सेकंदांनी तापमान वहीत लिहिले, शेजारी गॅस कधी बदलला ते लिहिले, पिवळेपणा, क्रॅक आणि बाहेर काढण्याची वेळ लिहिली, तरी पुरते. मी तर म्हणेन, की सुरुवातीचे काही महिने वहीच बरी, कारण हाताने लिहिताना नजर दाण्यावर आणि नाक नमुना काढण्याच्या चमच्यावर राहते.

भट्टीतल्या दोषांची कारणे आता सहज कळतील. ड्रम फार तापलेला असताना दाणे टाकले, तर त्यांच्या सपाट बाजूवर काळे डाग पडतात आणि कपात धूर येतो. वेग क्रॅकच्या सुमारास कोसळला, तर बाहेरून रंग अगदी सुंदर दिसतो, पण गोडवा तयार होत नाही. वर म्हटलेला सपाट शॉट हाच, आणि रोस्टर त्याला बेक्ड म्हणतात. घाईने रंग आणून दाणे काढले, तर बाहेरून तपकिरी आणि आतून फिकट असा दाणा मिळतो. दाणा दोन बोटांत मोडून आतला आणि बाहेरचा रंग ताडून पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी. परातीत काही दाणे इतरांपेक्षा फारच फिके राहिले, तर त्यात रोस्टरची चूक नसते. ते क्वेकर, म्हणजे कच्च्या फळांतून आलेले, साखर कमी असलेले दाणे असतात, आणि ते हाताने वेचून टाकावेत.

बाहेर काढल्यानंतर

दाणे चार-पाच मिनिटांच्या आत थंड झाले पाहिजेत, नाहीतर ते स्वतःच्या उष्णतेने भाजतच राहतात. थंड झाल्यावर वजन करावे. १ किलो हिरव्या दाण्यांचे मध्यम रोस्टनंतर साधारण ८५० ग्रॅम उरतात, गडद रोस्टनंतर त्याहून कमी. ही घट दरवेळी लिहून ठेवली, तर रोस्ट एकसारखा होतो आहे की नाही, हे रंगाच्या आधी वजनच सांगते. हिशेबातही ती धरावी लागते: हिरवा दाणा किलोला ६०० रुपयांनी घेतला असे समजले, तर १५ टक्के घटीनंतर भाजलेल्या किलोची नुसती मालाची किंमत सुमारे ७०६ रुपये होते, आणि गॅस, मजुरी व पिशवी त्यावर.

ताजा भाजलेला दाणा कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो. लगेच एस्प्रेसो काढला, तर फेस पुष्कळ येतो, पाणी पुडीत नीट शिरत नाही आणि शॉट आंबट व असमान होतो. फिल्टरसाठी तीन-चार दिवस आणि एस्प्रेसोसाठी एक ते दोन आठवडे विसावा द्यावा, आणि पिशवीला वायू बाहेर सोडणारा पण हवा आत न घेणारा व्हॉल्व्ह असावा. पावसाळ्यात ग्राइंडरच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या भांड्यात, रात्रभर दाणे ठेवू नयेत. भाजलेल्या दाण्यात दोन-तीन टक्केच ओलावा उरलेला असतो, तो दमट हवेतून पाणी लगेच ओढतो, आणि काल बरोबर बसवलेले दळण सकाळी चुकीचे ठरते. आणखी एक गोष्ट उंचीची आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथे उघड्या किटलीतले पाणी सुमारे ९७.५ अंशांनाच उकळते. एस्प्रेसो यंत्राच्या बंद बॉयलरवर याचा परिणाम नाही, पण लाइट रोस्ट हाताने ओतून करताना पाणी उकळल्याबरोबर वापरावे, थांबू नये.

शिकायचे कुठे आणि कसे

भारतीय कॉफी बोर्ड १९४२च्या कायद्याने स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय बेंगळुरूत आहे. रोस्टिंग आणि ब्रूइंगची ओळख करून देणारा ‘कापी शास्त्र’ हा त्याचा छोटा अभ्यासक्रम नवख्यासाठी योग्य आहे, आणि ज्यांना चव-परीक्षणातच पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी कॉफीच्या गुणवत्तेवरची पदव्युत्तर पदविकाही आहे. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचे बरिस्ता आणि रोस्टिंग या विषयांचे टप्प्याटप्प्याने शिकवणारे वर्ग भारतातही घेतले जातात. सीमाभागातल्या मुलामुलींना इथे एक मोठा फायदा आहे, ज्याची त्यांना स्वतःलाही पुरेशी जाणीव नसते: बहुतेकांना मराठीइतकेच कन्नड येते. चिक्कमगळूरच्या मळ्यात वाळवणीच्या अंगणावर उभे राहून, तिथल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलून माल पाहता येणे, हे पुस्तकातून मिळत नाही. शक्य झाल्यास तोडणीच्या दिवसांत एकदा तरी जावे.

घरी सराव करायचा तर १०० ते २०० ग्रॅमचा छोटा रोस्टर पुरतो. लोखंडी कढईतही दाणे भाजता येतात, ते एकसारखे होत नाहीत, पण वास, रंग आणि क्रॅक ओळखायला शिकवतात. एकाच मळ्याचा, एकाच प्रतीचा पाचेक किलो माल घ्यावा आणि तोच पुन्हा पुन्हा भाजावा. दर वेळी एकच गोष्ट बदलावी: एकदा फक्त डेव्हलपमेंट अर्ध्या मिनिटाने वाढवावी, एकदा फक्त सुरुवातीची आच कमी करावी. दुसऱ्या दिवशी हे सगळे नमुने शेजारी शेजारी ठेवून, कोणता कोणता आहे हे न पाहता चाखावेत. सतत नवे नवे दाणे आणून भाजणारा माणूस दाण्यांबद्दल पुष्कळ शिकतो, पण भाजण्याबद्दल फार थोडे शिकतो.

जिभेचा अभ्यास बाजारातून होतो. लिंबात सायट्रिक आम्ल असते, हिरव्या सफरचंदात मॅलिक आणि चिंचेत टार्टरिक. ही तिन्ही पाण्यात पातळ करून चाखली, तर कॉफीतला आंबटपणा कुठल्या बाजूचा आहे, हे सांगता येऊ लागते. उन्हाळ्यात जंगलातून येणारी करवंदे आणि जांभळे, कोकम, ओला आणि सुका गूळ हे सगळे लक्ष देऊन खावे. परदेशी चव-तक्त्यातले ब्लूबेरी पाठ करण्यापेक्षा आपण खरोखर खाल्लेल्या फळाचे नाव वहीत लिहिले, तर तीच नोंद पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

सुरक्षिततेबाबत मात्र मुळीच सूट घेऊ नये. दाण्यावरची उडालेली पातळ साले अत्यंत ज्वलनशील असतात, म्हणून ती गोळा होणारे पात्र प्रत्येक दिवसाच्या कामानंतर रिकामे करावे आणि धुराडे ठरावीक दिवसांनी खरवडावे. ताजी भाजलेली कॉफी कार्बन मोनॉक्साइडही सोडते. बंद खोलीत भरपूर दाणे साठवून तिथेच झोपणे किंवा दार लावून काम करणे धोक्याचे आहे. ड्रमच्या आत आग लागल्याचा संशय आला, तर दार उघडू नये, कारण हवा मिळताच ती भडकते. गॅस बंद करावा आणि हवेचा प्रवाह रोखावा.

विकण्यासाठी भाजायचे असेल, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. आपल्याकडे फिल्टर कॉफीत चिकोरी मागणारे गिऱ्हाईक पुष्कळ आहे, आणि चिकोरी देण्यात गैर काहीच नाही. नियम एवढाच, की अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण वजनाने ५१ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये आणि दोन्हींची टक्केवारी पिशवीवर छापली पाहिजे. त्याच पिशवीवर भाजल्याची तारीख, दाण्याची जात आणि मळ्याचा प्रदेशही लिहावा, म्हणजे निपाणीत किंवा हल्याळमध्ये यंत्रापुढे उभ्या असलेल्या पुढच्या बरिस्ताला दोष दळणात आहे की भट्टीत, हे शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळेल.